हाताविना लढत: कोल्हापूर उत्तर 2024, एक प्रकरण अभ्यास

4 नोव्हेंबर 2024, सोमवार. भाऊबीज आदल्याच दिवशी झालेली. विधानसभेच्या अर्ज माघारीची मुदत दुपारी तीनला संपत होती. ती संपायला काही मिनिटं उरली असताना 276 कोल्हापूर उत्तर मतदारसंघातल्या काँग्रेसच्या अधिकृत उमेदवार मधुरिमाराजे छत्रपती यांनी अर्ज मागे घेतला. ही जागा काँग्रेसने 2019 ला जिंकली होती, 2022 च्या पोटनिवडणुकीत राखली होती. आता त्याच जागेवरच्या मतपत्रिकेत हात हे चिन्हच राहिलं नाही. पक्षाला मग बंडखोरी करून उभे राहिलेले अपक्ष राजेश लाटकर यांना पाठिंबा द्यावा लागला. 23 नोव्हेंबरला निकाल लागला, तेव्हा एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे राजेश क्षीरसागर 1,11,085 मतं घेऊन निवडून आले. लाटकरांना 81,522 मतं पडली. फरक 29,563.

कोल्हापुरात या प्रकरणाची चर्चा अजूनही माघारीच्या त्या शेवटच्या मिनिटांभोवती फिरते. कोण कोणाच्या घरी गेलं, कोणी कोणाची समजूत काढली, काँग्रेसचे जिल्ह्यातले नेते सतेज पाटील किती संतापले, वगैरे. ते सगळं घडलं. पण उमेदवारीचे कागद आणि आकडे शेजारी ठेवून पाहिलं की दोन गोष्टी दिसतात. चिन्ह वाचवता आलं असतं ते 29 ऑक्टोबरच्या दुपारी तीनपर्यंत, 4 नोव्हेंबरला नव्हे. आणि साडेएकोणतीस हजारांचा पराभव एकट्या चिन्हाच्या माथी मारता येत नाही.

ही जागा कोणाची?

कोल्हापूर शहराची ही जागा कोणाचीही कायमची झालेली नाही. शेतकरी कामगार पक्षाचा इथे जुना पाया होता. 1967 ला त्र्यं. सी. कारखानीस शेकापकडून निवडून आले, 1985 ला प्रा. एन. डी. पाटील. त्यानंतर शहराने कूस बदलली. 1990 ला शिवसेनेचे दिलीप देसाई, 1995 आणि 1999 ला सुरेश साळोखे. 2004 ला काँग्रेसचे मालोजीराजे छत्रपती यांनी ही साखळी तोडली.

2008 च्या पुनर्रचनेत जिल्ह्यातल्या बारा जागांच्या दहा झाल्या. सांगरूळ, पन्हाळा, वडगाव, गडहिंग्लज ही मतदारसंघांची नावं गेली. शहर उत्तर आणि दक्षिण असं विभागलं गेलं. दक्षिणेत शहराच्या काही भागाबरोबर आजूबाजूची गावं आली. उत्तर मात्र जवळजवळ निव्वळ शहरी राहिला: शिवाजी पेठेसारख्या जुन्या पेठा, कसबा बावडा आणि मधली दाट वस्ती. तीन लाखांच्या आसपास मतदार. इथे सहकारी साखर कारखान्याची यंत्रणा चालत नाही, गावकी-भावकीचा हिशेबही ग्रामीण मतदारसंघासारखा नसतो. चालतात त्या तालमी, तरुण मंडळं, फुटबॉलचे संघ आणि प्रभागातले नगरसेवक.

2009 ला नव्या उत्तरमध्ये शिवसेनेच्या राजेश क्षीरसागरांनी मालोजीराजेंना हरवलं. 2014 ला सगळे प्रमुख पक्ष वेगवेगळे लढले, तेव्हा क्षीरसागरांनी काँग्रेसच्या सत्यजित कदमांवर 22 हजारांच्या वर आघाडी घेतली. 2019 ला उद्योजक चंद्रकांत जाधव काँग्रेसकडून उभे राहिले आणि क्षीरसागर 15 हजारांच्या आसपास मतांनी पडले. त्या वर्षी जिल्ह्यात शिवसेना सहा जागांवरून एका जागेवर आली होती, म्हणजे ती लाट एकट्या उत्तरची नव्हती.

डिसेंबर 2021 मध्ये जाधवांचं निधन झालं. 12 एप्रिल 2022 च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी जयश्री जाधव काँग्रेसकडून उभ्या राहिल्या आणि 2014 ला काँग्रेसकडून लढलेले, पण आता भाजपचे उमेदवार असलेले सत्यजित कदम यांच्यावर 18 ते 19 हजारांच्या दरम्यान मतांनी विजयी झाल्या. आजच्या प्रकरणासाठी या पोटनिवडणुकीतली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि तीच चर्चेत कायम सुटते. तेव्हा महाविकास आघाडीची सत्ता होती. शिवसेनेने 2009 आणि 2014 ला जिंकलेली ही जागा काँग्रेसला सोडली होती, त्यामुळे 2022 ला धनुष्यबाण मतपत्रिकेत नव्हता. शिवसेनेच्या मतदाराला हात किंवा कमळ यातून निवड करायची होती. म्हणजे या मतदारसंघात एखादं रुळलेलं चिन्ह गायब होण्याची 2024 ही पहिली वेळ नव्हती. 2022 ला ती आघाडीची ठरवून केलेली तडजोड होती. ती आधी जाहीर झाली होती आणि प्रचार तिच्यावरच उभा होता.

धनुष्यबाणाच्या बाजूने आणखी एक हिशेब मांडायला हवा. 1990, 1995, 1999, 2009, 2014: पाच वेळा या शहराने त्या चिन्हावर आमदार दिला. पक्ष फुटल्यावर चिन्ह शिंदे गटाकडे गेलं आणि क्षीरसागर त्यांच्याबरोबर होते. 2024 ला एका बाजूला हे चिन्ह होतं आणि दुसऱ्या बाजूला अपक्ष लाटकरांना मिळालेलं प्रेशर कुकर.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा

काँग्रेसने आधी माजी नगरसेवक राजेश लाटकर यांना उमेदवारी जाहीर केली. लगेच पक्षातूनच विरोध उसळला. माजी नगरसेवकांच्या एका मोठ्या गटाने उघड नाराजी दाखवली, पक्षाच्या कार्यालयावर दगडफेक झाली. माजी नगरसेवकांचं वजन इतकं का, हे बाहेरच्याला कळणं अवघड आहे. महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली होती. त्यानंतर चार वर्षं प्रशासक होता, निवडणूक नव्हती. प्रभागातली सगळी मंडळी पुढच्या महापालिकेच्या तयारीत अडकलेली. आपल्याच बरोबरीचा एक जण आमदारकीला गेला की पुढची सगळी गणितं बदलतात. शिवाय बूथवर स्लिपा वाटणारी, मतदाराला घरातून बाहेर काढणारी माणसंही याच मंडळींची. त्यांचा विरोध पक्षाला टाळता आला नाही.

अर्जाची मुदत संपता संपता उमेदवार बदलला. शाहू छत्रपती त्याच वर्षी दीड लाखावर मताधिक्य घेऊन कोल्हापूरचे खासदार झाले होते. त्यांच्या स्नुषा, मालोजीराजेंच्या पत्नी मधुरिमाराजे अधिकृत उमेदवार झाल्या. लाटकरांचा अर्ज अपक्ष म्हणून राहिला. दिवाळीतच विद्यमान आमदार जयश्री जाधव शिंदे यांच्या शिवसेनेत गेल्या.

29 ऑक्टोबर, धनत्रयोदशी, अर्जाचा शेवटचा दिवस. 30 ला छाननी. माघारीची तारीख कायद्याने छाननीनंतरचा दुसरा दिवस, म्हणजे 1 नोव्हेंबर यायला हवी होती. तो सुट्टीचा दिवस असेल तर त्यानंतरचा पहिला कामाचा दिवस धरतात. लक्ष्मीपूजन, पाडवा आणि रविवारची भाऊबीज ओलांडून तारीख 4 वर गेली. समजुतीसाठी पक्षांना असे तीन दिवस जास्तीचे मिळाले. या मतदारसंघात ते उपयोगी पडले नाहीत.

4 तारखेला छत्रपती घराण्याकडून लाटकरांना माघारीसाठी समजावण्याचा प्रयत्न झाला. लाटकर मागे हटले नाहीत. मग अधिकृत उमेदवारानेच अर्ज काढून घेतला, आणि जिल्ह्यात पक्षाची धुरा वाहणाऱ्या सतेज पाटलांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली.

कागद कुठे अडतो

उमेदवारीची प्रक्रिया वरून साधी वाटते, पण तिच्या प्रत्येक टप्प्यावर एक दार कायमचं बंद होतं. कोणतं दार कोणत्या वेळी बंद होतं हे माहीत नसलं की राजकीय समेट झाला तरी कागद साथ देत नाही. उत्तरमध्ये नेमकं तेच झालं.

विधानसभेचा अर्ज नमुना 2-ब मध्ये भरतात, सोबत नमुना 26 चं प्रतिज्ञापत्र. अनामत रक्कम 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 5,000. एका उमेदवाराला एका मतदारसंघात जास्तीत जास्त चार अर्ज भरता येतात आणि अनामत एकदाच द्यावी लागते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला त्याच मतदारसंघातला एक सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, पुरतो. अपक्षाला दहा लागतात. तिकिटाची खात्री नसलेले सावध इच्छुक म्हणूनच दोन संच भरतात. एक पक्षाच्या नावाने एका सूचकाचा, दुसरा अपक्ष म्हणून दहा सूचकांचा. पक्षाचा कागद आला नाही तर पहिला छाननीत उडतो आणि दुसरा टिकतो.

पक्षाचा कागद म्हणजे एबी फॉर्म. ए फॉर्ममध्ये पक्ष सांगतो की या राज्यात उमेदवार कळवण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि त्याच्या सहीचा नमुना देतो. बी फॉर्ममध्ये तो अधिकारी मतदारसंघ आणि उमेदवाराचं नाव लिहितो. सही शाईची लागते. शिक्का किंवा छापील सही चालत नाही. दोन्ही कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचावे लागतात. एकाला दिलेला बी फॉर्म रद्द करून दुसऱ्याला देता येतो, तोही त्याच मुदतीत. 29 ऑक्टोबरला तीन वाजून गेल्यावर काँग्रेसचा हात लाटकरांकडे वळवण्याचा कोणताही मार्ग उरला नव्हता. दिल्लीहून पत्र आलं असतं, सगळे नेते एकत्र बसले असते, तरीही नाही. समेटाच्या चर्चेत ही गोष्ट प्रत्येकाने गृहीत धरायला हवी होती: अपक्षाने माघार घेतली नाही आणि अधिकृत उमेदवाराने घेतली, तर चिन्ह त्या अपक्षाकडे जात नाही, ते मतपत्रिकेतूनच जातं.

तरीही एक दार असतं, आणि पक्षाची बरीच कार्यालयं ते नीट वापरत नाहीत. बी फॉर्ममध्ये अधिकृत उमेदवाराच्या नावाशेजारी पर्यायी उमेदवाराचंही नाव लिहायची सोय आहे. अधिकृत उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला किंवा त्याने माघार घेतली, तर चिन्ह पर्यायी उमेदवाराला मिळतं. अट एकच, तो तोपर्यंत रिंगणात असला पाहिजे. इथेच गफलत होते. पर्यायी उमेदवार म्हणून घरातल्या कोणाचा तरी 'डमी अर्ज' भरायची पद्धत आहे, आणि तो बहुतेकदा एका सूचकाचा असतो. छाननीत मूळ उमेदवाराचा अर्ज वैध ठरला की डमी उमेदवार पक्षाचा राहत नाही, त्याला दहा सूचक लागतात, आणि ते नसल्याने अर्ज बाद होतो. म्हणजे हा डमी फक्त छाननीपुरता विमा असतो. माघारीपर्यंत टिकणारा विमा हवा असेल तर पर्यायी उमेदवाराचा एक अर्ज दहा सूचकांच्या सह्यांचा हवा, त्याचं नाव बी फॉर्ममध्ये हवं, आणि माघारीच्या शेवटच्या घटकेपर्यंत त्याने आपला अर्ज काढता कामा नये. काम दहा सह्यांचं आहे. त्याच मतदारसंघातले दहा मतदार, यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक बिनचूक लिहून. उमेदवारीवरून पक्षात धुसफूस आहे हे आठवडाभर आधी उघड असलेल्या मतदारसंघात एवढी खबरदारी पक्षाने नियम म्हणूनच घ्यायला हवी.

माघार नमुना 5 वर देतात. उमेदवार स्वतः देऊ शकतो, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेला सूचक अथवा निवडणूक प्रतिनिधी देऊ शकतो. एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही. 'दहा मिनिटांनी तो तयार झाला' असं कोणी नंतर कितीही सांगो, कागद अधिकाऱ्याच्या हातात पडला की विषय संपतो.

तीन वाजल्यावर नमुना 7-अ मध्ये अंतिम यादी लागते आणि तिथे या प्रकरणाचा दुसरा फटका बसतो. यादीत तीन गट असतात: आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, शेवटी अपक्ष. वर्णानुक्रम प्रत्येक गटाच्या आत. राजेश क्षीरसागर पहिल्या गटात, राजेश लाटकर तिसऱ्या. दोघांचं पहिलं नावही एकच. मतपत्रिकेवर फोटो असतो म्हणून गोंधळ कमी होतो, पण ज्येष्ठ मतदार वरून खाली शोधत येतो आणि ओळखीचं चिन्ह दिसलं की थांबतो.

कुकर घेऊन चौदा दिवस

अपक्षाने अर्जातच मुक्त चिन्हांमधून तीन पसंती लिहायच्या असतात. त्यातून लाटकरांना प्रेशर कुकर मिळाला. मतदान 20 नोव्हेंबरला सायंकाळी सहापर्यंत, म्हणून जाहीर प्रचार 18 तारखेच्या सहाला बंद. 5 ते 18 नोव्हेंबर, हाताशी चौदा दिवस. एवढ्यात तीन लाख मतदारांना सांगायचं होतं की यंदा हात शोधू नका.

नवं चिन्ह पोचवताना खरी अडचण पोस्टरची नसते, ते दोन दिवसांत छापून होतं. अडचण घरोघरी जाणाऱ्या माणसाची असते. कार्यकर्ता एका दारात एकच वाक्य बोलतो, फार तर दोन. नेहमी ते वाक्य उमेदवाराच्या कामाचं किंवा विरोधकाच्या चुकीचं असतं. चिन्ह बदललं की पहिलं वाक्य चिन्हावरच खर्ची पडतं: हात नाही, कुकर आहे. लगेच प्रश्न येतो, हात का नाही? आणि त्याचं उत्तर देताना पक्षातलं भांडण स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. त्यातही इथे स्लिपा वाटायच्या होत्या त्या बऱ्याच अंशी त्याच माजी नगरसेवकांच्या माणसांनी, ज्यांनी आठवडाभर आधी याच उमेदवाराला विरोध केला होता. पाठिंबा वरून जाहीर होतो, प्रभागात तो किती उतरला हे पदयात्रेतल्या गर्दीवरून कळत नाही.

बारीक तोटेही बरेच. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मतदार याद्यांच्या प्रती मोफत मिळतात, अपक्षाला विकत घ्याव्या लागतात. मतदान केंद्रात पोलिंग एजंटांच्या बसण्याच्या क्रमातही अपक्षाचा एजंट शेवटी. खर्चाची मर्यादा मात्र सगळ्यांना सारखीच, 40 लाख रुपये, आणि नव्या चिन्हाच्या प्रसाराचा जादा खर्च त्याच रकमेत बसवायचा. निवडून आले असते तरी पेच होता. अपक्ष आमदाराने निवडणुकीनंतर पक्षात प्रवेश केला तर पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टानुसार तो अपात्र ठरतो. लाटकरांना पाच वर्षं बाहेरूनच काँग्रेसबरोबर राहावं लागलं असतं.

मग चिन्हामुळेच हरले का?

शेजारचा मतदारसंघ यासाठी चांगला आरसा आहे. कोल्हापूर दक्षिणमध्ये काँग्रेसचे विद्यमान आमदार ऋतुराज पाटील हात चिन्हावरच लढले. उमेदवारीचा घोळ नव्हता, घरची यंत्रणा भक्कम होती. 2019 ला ते 42 हजारांच्या वर मताधिक्याने आले होते. 2024 ला भाजपच्या अमल महाडिकांकडून 17 हजारांच्या वर मतांनी हरले. म्हणजे पाच वर्षांत सुमारे 60 हजारांचा फेर. उत्तरमध्ये 2019 च्या 15 हजारांच्या आघाडीपासून साडेएकोणतीस हजारांच्या पिछाडीपर्यंत सुमारे 45 हजारांचा. दक्षिणेत मतदार जास्त आहेत. ते लक्षात घेऊन टक्केवारीत मोजलं तर दोन्हीकडचा फेर जवळपास सारखा भरतो. एकीकडे हात होता, दुसरीकडे नव्हता.

हातकणंगलेत काँग्रेसचे आमदार राजू आवळे हात चिन्हावर 46 हजारांच्या आसपास मतांनी पडले. करवीरमध्ये राहुल पाटील त्याच चिन्हावर चंद्रदीप नरकेंकडून दोन हजारांहूनही कमी फरकाने हरले. जिल्ह्यातल्या दहाही जागा महायुती आणि तिच्या बाजूच्या उमेदवारांकडे गेल्या. महाविकास आघाडी शून्यावर राहिली. ही जिल्हाभरची, खरं तर राज्यभरची लाट होती आणि उत्तर तिच्यात होता.

उत्तरचेच आकडे एकापुढे एक ठेवले तर हे आणखी स्पष्ट होतं. 2019 ला काँग्रेसला 91 हजारांच्या वर मतं होती, 2024 ला त्या बाजूच्या अपक्षाला साडेएक्क्याऐंशी हजार. साडेनऊ हजारांची घट. समोरच्या बाजूला 2019 ला क्षीरसागरांना पाऊण लाखाच्या आसपास, 2024 ला 1 लाख 11 हजार. पस्तीस हजारांची वाढ. चिन्हाचा, घोळाचा, नाराजीचा सगळा फटका धरून इकडची घट साडेनऊ हजार, आणि ती सगळी चिन्हामुळे झाली असं मानलं तरी निकाल उलटत नाही. निकाल ठरवला तो समोरच्या वाढीने. 2022 ला एकटी भाजप 77-78 हजारांपर्यंत पोचली होती. त्यात 2024 ला धनुष्यबाण आणि क्षीरसागरांची स्वतःची मतं येऊन मिळाली. बेरीज तिथे झाली होती, तीही जवळपास अडीच वर्षं आधी, शिवसेना फुटली तेव्हा.

मधुरिमाराजे उभ्या राहिल्या असत्या आणि लाटकरही, तर हात मतपत्रिकेत राहिला असता आणि हीच साडेएक्क्याऐंशी हजार मतं दोघांत वाटली गेली असती. लाटकरांनी माघार घेतली असती तर लढत चुरशीची झाली असती, पण वाढलेल्या 35 हजारांना उत्तर त्या दृश्यातही सापडत नाही.

अपक्ष म्हणून कोल्हापुरात जिंकताच येत नाही, हा समजही बरोबर नाही. 2009 ला सदाशिवराव मंडलिक अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. 2019 ला इचलकरंजीतून प्रकाश आवाडे आणि शिरोळमधून राजेंद्र पाटील यड्रावकर अपक्ष आमदार झाले, 2024 ला चंदगडमधून शिवाजी पाटील. या सगळ्यांनी आपण अपक्ष लढणार हे स्वतः ठरवलं होतं, प्रचार पहिल्या दिवसापासून त्याच चिन्हावर केला. आवाडे आणि यड्रावकर यांच्यामागे तर साखर कारखाने आणि सहकारी संस्थांची स्वतःची माणसं होती. पक्षाच्या यंत्रणेवर ते अवलंबून नव्हते. उत्तरमध्ये अपक्षाला मागाहून पक्षाची यंत्रणा जोडली गेली, पक्षाच्या चिन्हाशिवाय, आणि मतदारसंघ असा की जिथे कारखाना नाही, दूध संघाची गावोगावची फळी नाही, आहेत ते प्रभाग आणि तालमी. चौदा दिवसांत तालमीत बैठक होते, चिन्हही कळतं, पण आठवडाभरापूर्वी विरोध करणारा माणूस मतदानाच्या दिवशी सकाळी सातला बूथवर हजर राहील की नाही, ते त्या बैठकीत ठरत नाही.